तुलूझला बिऱ्हाड हलवतोय: ए१ झालंय, पुढचं फ्रेंच आणि कागदपत्रं एकत्र कशी सांभाळायची?

बिऱ्हाड_पाठीवर

नमस्कार मंडळी. जूनच्या शेवटी पुण्याहून फ्रान्समधल्या तुलूझला कायमच्या मुक्कामाला निघतोय. नवऱ्याची नोकरी विमान उद्योगातली. त्याच्या ऑफिसात इंग्रजी चालतं, त्यामुळे घराबाहेरचं सगळं फ्रेंच माझ्या वाट्याला येणार. माझा व्हिसा ‘तालाँ फामीय’चा, म्हणजे कुशल नोकरदाराच्या कुटुंबीयांसाठीचा आहे. त्यावर ‘कार्त द सेजूर आ सोलिसिते’, म्हणजे ‘राहण्याच्या कार्डासाठी अर्ज करायचा आहे’ असं लिहिलंय. मुलगी सहा वर्षांची, २०१९चा जन्म.

पुण्यात फ्रेंचची ए१ ही पहिली पातळी पूर्ण केलीय. वाचून बऱ्यापैकी कळतं, बोललेलं मात्र फारसं कळत नाही. प्रश्न असे:

१. आता इथेच घाईने ए२ उरकू, की तिथे जाऊन क्लास लावू? तिथे सरकारी मोफत क्लास असतात म्हणे.
२. पासपोर्टवर सासरचं आडनाव, जन्मदाखल्यावर माहेरचं. नडेल का?
३. सरकारी कार्यालयात, फोनवर नक्की काय बोलावं लागतं? पुस्तकातले कॅफेतले संवाद पाठ आहेत, त्याचा उपयोग होईल असं वाटत नाही.
४. मुलीला फ्रेंचचा गंधही नाही. शाळेचं काय?

---

खिडकी_क्रमांक_४

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो पुण्यात असतानाच सोडवायचा आहे. तिकडे पोचल्यावर त्याच कामाला तिप्पट वेळ लागतो.

फ्रान्सच्या नोंदींत बाईची ओळख जन्मनावावरून चालते. प्रत्येक फॉर्मवर दोन वेगळे रकाने असतात: ‘नों द नेसाँस’ म्हणजे माहेरचं आडनाव आणि ‘नों द्युझाज’ म्हणजे वापरातलं, सासरचं. लग्नाने पहिला बदलत नाही. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं आणि काही घरांत पहिलं नावसुद्धा बदलतात. पासपोर्टवर माहेरच्या आडनावाचा वेगळा रकाना नसतो. मग प्रेफेक्त्युर, म्हणजे राहण्याचं कार्ड देणारं सरकारी कार्यालय, पासपोर्ट बघून कार्डावर एक आडनाव घालतं आणि आरोग्यविम्याचं कार्यालय, म्हणजे सेपाम, जन्मदाखला बघून दुसरं. दोन्ही नोंदी जुळल्या नाहीत की फाइल अडकते, आणि का अडकली हे कळवणारं पत्र यायलाही बरेच आठवडे जातात.

म्हणून निघण्याआधी एवढं करा:

जन्मदाखला नवीन काढून घ्या. त्यावर तुमचं नाव आणि आई-वडील दोघांची नावं हवीत. जुन्या दाखल्यांत बाळाच्या नावाची जागा कोरी असते, तसला चालत नाही. महापालिकेत नाव नोंदवून नवा दाखला घ्यावा लागतो आणि त्याला मुदतीचे नियम आहेत, म्हणून हे पहिल्या आठवड्यातच बघा. विवाह नोंदणीचा दाखलाही सोबत हवा, कारण दोन आडनावांमधला अधिकृत दुवा तोच. पहिलं नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद. नुसतं नोटरीचं ‘या दोन्ही व्यक्ती एकच’ छापाचं प्रतिज्ञापत्र जोडीला ठेवा, पण एकट्या त्याच्या भरवशावर राहू नका.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, आणि भाषांतर सगळ्यात शेवटी, म्हणजे अपोस्टिलच्या शिक्क्याचंही भाषांतर त्यातच होतं. भाषांतर आधी करून घेतलं तर दुसऱ्यांदा पैसे मोजावे लागतात. भाषांतरकार ‘असेर्माँते’ असावा, म्हणजे फ्रान्समधल्या अपील न्यायालयाच्या यादीतला. स्कॅन पाठवून काम होतं, त्याला प्रत्यक्ष भेटायची गरज नसते. दाखला मराठी-इंग्रजी द्विभाषिक असला तरी भाषांतर लागतंच. ‘इंग्रजी आहे ना त्यावर’ हा युक्तिवाद तिथल्या खिडकीवर चालत नाही.

आता व्हिसा. ‘आ सोलिसिते’ लिहिलेलं असेल तर पोचल्यापासून दोन महिन्यांच्या आत आनेफ या परदेशी नागरिकांसाठीच्या सरकारी संकेतस्थळावर कार्डासाठी अर्ज करायचा. ऑनलाइन व्हिसा ‘व्हॅलिडेट’ करायचा प्रकार वेगळा. तो वर्षभराच्या व्हेएलएस-तेएस व्हिसाला लागतो आणि त्याची मुदत तीन महिने असते. दोन्हींत गोंधळ करून लोक चुकीच्या पानावर अर्ज करत बसतात. कार्डाच्या अर्जाला डिजिटल फोटो लागतो. सुपरमार्केटात, मेट्रो स्टेशनात फोटोची केबिन असते, तिथून फोटोसोबत एक कोड छापून मिळतो, तो अर्जात टाकायचा. पुण्याहून नेलेले पासपोर्ट साइझ फोटो इथे कामाचे नाहीत.

तुम्ही जूनअखेर पोचताय, म्हणजे दोन महिन्यांची मुदत ऑगस्टअखेर संपते. ऑगस्टमध्ये भाषांतरकारापासून घराच्या एजन्सीपर्यंत सगळे सुट्टीवर. जुलैचे पहिले दोन आठवडे कागदपत्रांसाठीच राखून ठेवा.

---

उच्चारवही

मी पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं बघते.

मोफत क्लासबद्दल आधी गैरसमज दूर करू. ओफी या सरकारी संस्थेचे फ्रेंचचे वर्ग एकात्मता कराराखाली, म्हणजे सेईएरखाली येतात. तालाँ आणि तालाँ फामीयवाल्यांना तो करार करावा लागत नाही, त्यामुळे ते वर्ग आपोआप पदरात पडत नाहीत. तुमच्यासाठी खरे पर्याय तीन. पहिला, वस्तीतल्या ‘साँत्र सोसियाल’मधले, म्हणजे समाजकेंद्रातले, आणि संस्थांचे वर्ग: आठवड्याला दोनदा, दीड-दोन तास, शिकवणारे बहुतेक स्वयंसेवक, फी नाममात्र. दुसरा, विद्यापीठाचं परदेशी विद्यार्थ्यांसाठीचं केंद्र. तुलूझच्या जाँ जोरेस विद्यापीठात देफ्ले आहे. शिकवणं पक्कं, पण फी भरभक्कम. तिसरा पर्याय फ्राँस त्राव्हाय या रोजगार कार्यालयात नाव नोंदवून प्रशिक्षण मागण्याचा. तालाँ फामीय कार्डावर नोकरी करता येते, त्यामुळे नोंदणी करता येते. एकदा नोकरी लागली की प्रशिक्षण खात्यात, म्हणजे से-पे-एफमध्ये, वर्षाला ५०० युरो जमतात, जास्तीत जास्त ५०००.

संस्थांचे वर्ग जुलै-ऑगस्टमध्ये बंद असतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला गावोगाव आणि वस्त्यावस्त्यांत ‘फोरोम दे-झासोसियासियों’ भरतो, सगळ्या संस्था टेबलं मांडून बसतात. नावनोंदणी तिथेच होते आणि जागा पटकन भरतात. तो दिवस चुकवू नका.

पुण्यात आता ए२ उरकावं का? माझं मत: नको. ए१पासून ए२ला आणखी साधारण शंभर तास लागतात. ते तास व्याकरणावर घालवून तुम्ही पोचाल तेव्हा खिडकीवरची बाई ‘ज न से पा’ऐवजी ‘शे पा’ म्हणेल, ‘इलिया’चं ‘या’ करेल, ‘तु आ’चं ‘ता’, आणि ‘नू’ म्हणजे ‘आम्ही’ तर बोलण्यात जवळपास येतच नाही, सगळीकडे ‘ऑं’. त्यापेक्षा उरलेले आठवडे कान आणि स्पेलिंग यांवर घाला.

स्पेलिंग. नाव सांगायची वेळ आली की आपण इंग्रजी अक्षरं म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो. फ्रेंचमध्ये ‘जे’ म्हणजे इंग्रजीतला जी आणि ‘जी’ म्हणजे इंग्रजीतला जे. इंग्रजी ए म्हटलात की समोरचा ई लिहितो, इंग्रजी ई म्हटलात की तो आय लिहितो. काळे हे आडनाव इंग्रजी अक्षरांत सांगितलं तर कागदावर ‘केली’ उमटतं. तीच अक्षरं फ्रेंचमध्ये ‘का, आ, एल, अ’. जोशी: ‘जी, ओ, एस, आश, ई’. डब्ल्यू म्हणजे ‘दूब्ल-व्हे’, वाय म्हणजे ‘ई-ग्रेक’. ‘बे’ आणि ‘व्हे’ फोनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून ‘बे कॉम बेर्नार’, ‘व्हे कॉम व्हिक्तोर’ असं जोडून सांगायची तिथे पद्धत आहे. स्वतःचं पहिलं नाव, दोन्ही आडनावं, इमारतीचं नाव आणि ईमेल पत्ता एवढं न अडखळता सांगता आलं पाहिजे. ईमेलमधलं ॲट म्हणजे ‘आरोबाझ’, डॉट म्हणजे ‘प्वँ’, आडवी रेघ ‘तिरे’.

आकडे. फोन नंबर तिथे दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांत सांगतात आणि सत्तरच्या पुढे कान दगा देतो. ७८ म्हणजे ‘स्वासाँत-दिझ-ह्वित’: ‘स्वासाँत’ ऐकताच हात ६ लिहून मोकळा होतो. ९५ म्हणजे ‘कात्र-व्हँ-कँझ’: ‘कात्र’ला ४ लिहिता, ‘व्हँ’ला खोडून ८, आणि ‘कँझ’ला पुन्हा खोडून ९५. तोवर पुढची जोडी निघून गेलेली असते. उपाय एकच: जोडी पूर्ण होईपर्यंत पेन उचलायचा नाही. रोज दहा नंबर कोणाकडून तरी वाचून घ्या आणि लिहा. रकमेत पूर्णांक आणि दशांश यांच्यामध्ये टिंबाऐवजी स्वल्पविराम असतो, हेही डोळ्याला वळण लावायला हवं.

उच्चार. मराठी माणसाची इथे थोडी चंगळ आहे. फ्रेंच त आणि द आपल्याच त-दसारखे दातांवरचे. इंग्रजीच्या सवयीने ट-ड म्हणू नका. प, त, क यांतून हवाही सोडायची नसते, आपण तसंच म्हणतो. घशातल्या र-वर वेळ दवडू नका, आपला र ठेवला तरी सगळं समजतं. कष्ट घ्यायचे ते ‘यु’वर. ओठ ‘ऊ’चे ठेवून जीभ ‘ई’ची. हे जमलं नाही तर ‘दस्यु’ म्हणजे वर आणि ‘दसू’ म्हणजे खाली यांत फरक राहत नाही, आणि तुम्ही वरच्या मजल्यावरच्या गळतीची तक्रार करताना खालच्या शेजाऱ्याकडे प्लंबर पाठवाल. अनुनासिक स्वरांपुढे न् किंवा म् लावायचा मोहही टाळा. गंमत अशी की तुलूझकर स्वतःच त्यांच्यापुढे ‘ङ्’ लावतात: ‘दमँ’चं ‘दमँङ्’, आणि शब्दाच्या शेवटचा मुका ‘अ’ही उच्चारतात. सुरुवातीला कानाला ते सोपं जातं. परीक्षेच्या ध्वनिफितींत मात्र उत्तरेकडचं सपाट फ्रेंच असतं, म्हणून रेडिओ फ्राँस अँतेर्नासियोनालचं सोप्या फ्रेंचमधलं रोजचं बातमीपत्र ऐकत जा. दहा मिनिटांचं आहे आणि सोबत लिखित मजकूर मिळतो. पहिल्यांदा मजकुराशिवाय, मग मजकूर बघत, मग पुन्हा मजकुराशिवाय.

---

गारोनकाठ

वरच्या उत्तराशी एका बाबतीत सहमत नाही. ‘ए२ नको’ हे आत्तापुरतं ठीक, पण परीक्षेचा विचार सोडू नका. १ जानेवारी २०२६पासून दहा वर्षांच्या कार्त द रेझिदाँला बी१ लागतं आणि नागरिकत्वाला बी२. एकात्मता करारवाल्यांना तर बहुवार्षिक कार्डालाच ए२. तुम्हाला लगेच काही दाखवायचं नाही, म्हणून ढिलाई होते आणि पाचव्या वर्षी धावपळ. देल्फ या फ्रेंच परीक्षेचं प्रमाणपत्र कायमचं असतं, तेसेएफ आणि तेएफ या दुसऱ्या परीक्षांचा निकाल दोन वर्षांत शिळा होतो. तेव्हा तेसेएफ उगाच लवकर देऊन ठेवू नका. देल्फ देऊन ठेवता येते. त्यात चार भाग, प्रत्येकी २५ गुण, उत्तीर्ण व्हायला १००पैकी ५०, पण कुठल्याही एका भागात ५च्या खाली गेलात तर बाकीचे कितीही असोत, नापास. पुण्याकडची मंडळी लेखनात गुण काढतात आणि श्रवणात गाळात जातात.

आता खिडकीवरचं आणि फोनवरचं बोलणं. आत शिरल्यावर आधी ‘बोंजूर’. ते न म्हणता थेट प्रश्न विचारला की समोरचा माणूस थंड पडतो. तो ‘बोंजूर’ म्हणून थांबतो, म्हणजे तुम्ही चुकलात असं समजा. बसमध्ये चढताना, दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात शिरताना, दुकानात, सगळीकडे. अनोळखी माणसाला, डॉक्टरला, शाळेतल्या बाईंना ‘व्हू’च, म्हणजे ‘तुम्ही’.

फोनवर पहिलं वाक्य लिहून समोर ठेवा: ‘बोंजूर, ज व्हू-झापेल ओ सुजे द मों दोसिए, न्युमेरो…’ (‘माझ्या फाइलबद्दल फोन करतेय, क्रमांक…’) आणि दोसिएचा म्हणजे फाइलचा नंबर. समजलं नाही तर ‘पार्दों?’ एवढंच म्हणू नका. समोरचा तेच वाक्य त्याच वेगाने पुन्हा म्हणतो. ‘व्हू पुव्हे रेपेते प्लु लाँत्माँ, सिल व्हू प्ले?’ म्हणजे ‘जरा सावकाश पुन्हा सांगाल का?’ म्हणा. उत्तर मिळालं की स्वतःच्या शब्दांत परत वाचून दाखवा: ‘दोंक, ज दुआ आँव्हुआये…’ (‘म्हणजे मी पाठवायचं ते…’) आणि कागदाचं नाव. चूक असेल तर तो लगेच दुरुस्त करतो. शेवटी नाव आणि तारीख टिपून घ्या. आरोग्यविम्याचा नंबर ३६४६, काफ म्हणजे कुटुंबभत्त्याच्या कार्यालयाचा ३२३०. सकाळी उघडल्या उघडल्या लावा.

आरोग्यविम्याची पायरी थोडी सविस्तर सांगतो, कारण तिथेच नावाचा घोळ बाहेर पडतो. पोचल्यावर एस११०६ क्रमांकाचा फॉर्म, जन्मदाखला आणि भाषांतर, विवाहाचा दाखला, राहण्याचा हक्क दाखवणारा कागद, पत्त्याचा पुरावा आणि रिब म्हणजे बँक खात्याचा तपशील सेपामला पाठवायचा. आधी तात्पुरता नंबर येतो, तो ७ किंवा ८ने सुरू होतो. कायमचा नंबर बाईचा २ने, पुरुषाचा १ने सुरू होतो, मग जन्मवर्ष, महिना, परदेशी जन्म म्हणून ९९, भारताचा २२३ आणि तीन आकडी अनुक्रमांक. मिळून १३ आकडे आणि शेवटी दोन आकड्यांची किल्ली. महिना आणि वर्ष नीट तपासा, तिथली चूक पुढे सगळीकडे पसरते. कायमचा नंबर मिळेपर्यंत कार्त व्हिताल, म्हणजे आरोग्यविम्याचं कार्ड, मिळत नाही. तोवर डॉक्टरकडून ‘फय द स्वँ’ म्हणजे उपचाराचा छापील फॉर्म घ्या, सही करून टपालाने पाठवा, पैसे खात्यात येतात.

आणि ‘मेदसँ त्रेताँ’, म्हणजे नेहमीचा डॉक्टर, नोंदवाच. साध्या डॉक्टरची फी ३० युरो. नोंदवलेल्या डॉक्टरकडे गेलात तर त्यातले ७० टक्के म्हणजे २१, वजा २ युरो, हातात १९. नोंद नसेल तर ३० टक्के म्हणजे ९, वजा २, हातात ७. उरलेल्याचा बराचसा भाग नवऱ्याच्या नोकरीची म्युत्युएल, म्हणजे पूरक आरोग्यविमा, देते. तुमचं आणि मुलीचं नाव त्यात घातलंय का, हे त्याला विचारायला लावा. नाव आपोआप चढतंच असं नाही.

---

मधली_सुट्टी

शाळेचं मी सांगते.

तीन वर्षांपासून शाळा सक्तीची आहे, त्यामुळे जागा द्यावीच लागते. आधी ‘मेरी’त म्हणजे महापालिकेत नाव घालायचं, ते पत्त्यावरून शाळा ठरवतात. मग ते पत्र घेऊन शाळेच्या मुख्याध्यापकांकडे. जूनअखेर पोचताय, म्हणजे शाळा सुटायच्या आत मेरीत जाऊन आलात तर उत्तम, कारण सुट्टीत मुख्याध्यापक भेटत नाहीत. कँटीनची नोंदणी वेगळी असते, ती विसरू नका.

फ्रेंच न येणाऱ्या मुलांसाठी ‘यु-पे-दझ-आ’ नावाचा वर्ग असतो. मुलगी नेहमीच्याच वर्गात बसते आणि आठवड्यातले किमान नऊ तास वेगळ्या शिक्षिकेकडे फ्रेंच शिकायला जाते. आधी तिची चाचणी घेतात आणि त्यात तिची मातृभाषा, मराठी वाचता येतं का, गणित कितपत, हेही बघतात. म्हणून शाळेचा जुना निकाल सोबत ठेवा. प्रत्येक शाळेत हा वर्ग नसतो. मेरीत पहिल्याच भेटीत सांगा: ‘एल न पार्ल पा-झाँकोर फ्राँसे’, म्हणजे ‘तिला अजून फ्रेंच येत नाही’.

लसीकरण पुण्यातच तपासा. तुमच्या मुलीसारख्या २०१९च्या मुलांना ११ लसी सक्तीच्या. आपल्याकडच्या पुस्तिकेत बहुतेक सगळ्या सापडतात, हमखास राहते ती मेनिंगोकॉकस सी. अपुरं असलं तरी शाळा तात्पुरता प्रवेश देते आणि तीन महिन्यांत पूर्ण करायला सांगते. पुस्तिकेत ब्रँडची नावं असतील तर बालरोगतज्ज्ञाकडून रोगांच्या नावांनिशी एक पान लिहून घ्या. तिकडच्या डॉक्टरला भारतीय ब्रँडवरून काही कळत नाही.

शाकाहारी असाल तर एक जोड: कँटीनमध्ये ‘साँ व्हियाँद’ (मांसाशिवाय) म्हटलं की मासे येऊ शकतात, म्हणून ‘नी व्हियाँद नी प्वासों’ (मांस नको, मासेही नकोत) म्हणा. डब्यावरची लेबलं वाचताना ‘लार्दों’ (डुकराच्या मांसाचे तुकडे), ‘बूयों द व्होलाय’ (कोंबडीचं सूप) आणि ‘जेलातीन’ (जिलेटिन) हे शब्द शोधा. मुलांच्या गोळ्या-चॉकलेटांत शेवटचा सर्रास असतो.

---

बिऱ्हाड_पाठीवर

मनापासून आभार. जन्मदाखल्यावर माझं पहिलं नावच नाहीये, उद्याच महापालिकेत जाते. दोन शंका उरल्या. पहिले दीड महिने कंपनीच्या फ्लॅटमध्ये असू, मग पत्त्याचा पुरावा काय दाखवायचा? आणि घर भाड्याने घेताना एजंटच्या फ्रेंचमधलं कुठलं अजिबात चुकवू नये?

---

खिडकी_क्रमांक_४

फ्लॅट कंपनीचा असेल तर कंपनीकडून ‘आतेस्तासियों देबेर्जमाँ’, म्हणजे तिथे राहत असल्याचा दाखला मागा. त्यावर तुम्हा तिघांची नावं असू द्या, नुसतं नवऱ्याचं नाही. पुढे स्वतःच्या घराचं वीजबिल दोघांच्या नावे करून घ्या. एका फोनचं काम आहे. तुमच्या नावाचा तीन महिन्यांच्या आतला ‘जुस्तिफिकातिफ’, म्हणजे पत्त्याचा पुरावा, नसेल तर बँक, सेपाम, ग्रंथालय, जिथे जाल तिथे नवऱ्याला सोबत न्यावं लागतं.

भाड्याच्या घरात ‘एता दे लिय’ म्हणजे घराच्या अवस्थेचा तक्ता सर्वात महत्त्वाचा. आत शिरताना एजंट खोलीखोलीतून फिरत भराभर बोलत टिकमार्क करत जातो. तिथे घाई करू नका. प्रत्येक डाग, ओरखडा, न लागणारी खिडकी लिहायला लावा, फोटो काढा. नळ सोडा, हिटर लावून बघा. ‘बों एता’ (अवस्था चांगली) या शेऱ्यावर सही केली की बाहेर पडताना तो ओरखडा तुमच्या डिपॉझिटमधून वळता होतो. रिकाम्या घराचं डिपॉझिट जास्तीत जास्त एक महिन्याचं भाडं, फर्निचरसकटच्या घराचं दोन महिन्यांचं. त्याहून जास्त मागत असेल तर ते कायद्यात बसत नाही. किल्ली हातात पडण्याआधी घराच्या विम्याचं प्रमाणपत्र मागतात, ते आदल्या दिवशी ऑनलाइन काढून ठेवा. घर सोडायची नोटीस ईमेलने देऊ नका. पोचपावतीसह नोंदणीकृत पत्र द्या. नोटिशीची मुदत ते पत्र मालकाच्या हातात पडल्यापासून मोजतात.

---

गारोनकाठ

आणि पत्रपेटी. घर मिळाल्या दिवशी पेटीवर आणि खालच्या इंटरफोनवर नावं लावा: नवऱ्याचं आडनाव आणि तुमचं माहेरचं आडनाव, दोन्ही. सेपामचं पत्र जन्मनावाने येऊ शकतं. पेटीवर ते नाव नसेल तर पोस्टमन पत्र ‘या पत्त्यावर राहत नाही’ म्हणून परत पाठवतो, आणि कायमच्या नंबराचं पत्र तसं परत गेलं तर तुमच्या खात्यात ‘पत्ता चुकीचा’ अशी खूण पडते. पेटीच्या पट्टीचं माप इमारतीगणिक वेगळं असतं, म्हणून ‘सँदिक’ला म्हणजे इमारतीच्या व्यवस्थापकाला विचारून ती कोरून घ्या. ती येईपर्यंत छापील कागद चिकटपट्टीने लावा, पण पहिल्या दिवशीच.